शनिवारचे अकरा डबे

फ्रिज उघडून त्याच्यासमोर विचार करत उभी राहणारी माणसं आयुष्यभर माझ्या डोक्यात गेली. आमचे हे त्यातलेच. दार सताड उघडं, एक हात दारावर, दुसरा कमरेवर आणि नजर आत, जणू आत सिनेमा लागलाय. "काय हवंय ते आधी ठरवा आणि मग दार उघडा," मी ओरडायचे. हे मुकाट्याने दार लावायचे आणि दोन मिनिटांनी पुन्हा उघडायचे.

ओरडायचा हक्क मला होता. अठ्ठावीस वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कोठी सांभाळली. एक खोली कोरड्या मालाची, एक गार मालाची. रोज नऊशे रुग्णांचं जेवण तिथून निघायचं. त्या गार खोलीत एकही डबा तारखेशिवाय आत गेला नाही. कागदी चिकटपट्टी, काळं पेन, वर पदार्थाचं नाव, खाली शिजवल्याचा वार आणि तारीख, पट्टी कायम समोर. आधीचं आधी बाहेर, नवं मागे. कच्चं मांस सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या कशावर गळणार नाही. आचारी मला पाठीमागे तारीखबाई म्हणायचे. नंतर तोंडावरही म्हणायला लागले, कारण मला ते आवडतं हे त्यांच्या लक्षात आलं.

तारखेचं वेड मला आधीपासून नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका आचाऱ्याने खिम्याच्या डब्यावरची पट्टी बदलली. वाईट माणूस नव्हता बिचारा. माल वाया गेला म्हणून मुख्य आचारी फाडून खाईल, या भीतीने त्याने मंगळवारचा गुरुवार केला. वॉर्डातली एकोणीस माणसं आजारी पडली. आधीच आजारी असलेली माणसं, त्यांना आम्ही आणखी आजारी केलं. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं, बाकी कशात थोडं इकडेतिकडे चालेल, तारखेत नाही.

घरीही तेच. आमचा फ्रिज मोठा, दोन दारांचा, घरात चार माणसं जेवत होती तेव्हा घेतलेला. थोरली आणि धाकटा लहानपणी म्हणायचे, आमच्या घरात दह्यालासुद्धा वाढदिवस असतो. दूध दारात ठेवायचं नाही, दार उघडलं की सगळ्यात आधी तेच तापतं. कांदे-बटाटे फ्रिजमध्ये नाहीत. पालेभाजी कोरडी करून कागदात गुंडाळून खालच्या खणात. मागची जाळी दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडायची, आणि भिंतीपासून वीतभर अंतर, त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते. वरच्या फळीवर छोटा तापमापक. चार अंश. पाच झालं की मी कारण शोधायला लागायचे, आणि कारण बहुतेक वेळा हेच असायचे, दार धरून उभे.

हे गेले त्याला पावणेदोन वर्षं झाली. आता दार धरून उभं राहणारं कुणी नाही, आणि तापमापक चारावरून हलत नाही.

सुरुवातीचे काही महिने मी नेमाने शिजवत होते. मग अंदाज चुकायला लागला. एका माणसाचं जेवण शिजवायला मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. नऊशेचा हिशेब झोपेत सांगेन, चौघांचा डोळे मिटून, पण एकीचा भात म्हणजे भांड्याच्या तळाशी चिमूटभर, बघूनच कसंतरी व्हायचं. मग मी जास्त करून ठेवायला लागले, डब्यात भरून, तारीख घालून. तिसरा दिवस उलटला की नियमाप्रमाणे फेकायचं. फेकायचा कंटाळा आला म्हणून शिजवायचं सोडलं. चहा आणि पाव. कधी अंडं उकडलं तर सणच. फ्रिज हळूहळू रिकामा होत गेला आणि मी त्यात पाण्याच्या बाटल्या भरत गेले.

त्याला शास्त्र आहे. रिकाम्या फ्रिजमध्ये नुसती हवा असते, दार उघडलं की ती बाहेर पडते आणि यंत्राला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पाणी गारवा धरून ठेवतं. हे सगळं मी महिन्यापूर्वी थोरलीला समजावून सांगितलं, जेव्हा तिने दार उघडलं आणि आत आठ बाटल्या, सहा अंडी आणि अर्धं लिंबू बघितलं. लिंबावरही तारीख होती.

"आई," ती म्हणाली, "मला फ्रिज कसा चालतो ते विचारायचं नाहीये. तू कशी चालतेस ते विचारतेय."

"मला काय धाड भरलीय?"

"आरशात बघितलंस का? ब्लाऊज खांद्यावरून उतरतोय तुझा."

थोरली तीन तासांच्या अंतरावर राहते. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी दोन पोरं, नवरा आणि सासूबाईंचं दुखणं. महिन्यातून एकदा येते, तेही जिवाचा आटापिटा करून, हे मला कळतं. तिने पर्समधून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवास म्हणायचं. स्वच्छ खोल्या, बाग, डॉक्टर आठवड्यातून दोनदा, तीन वेळा गरम जेवण. फोटोत पांढऱ्या केसांची माणसं एका लांब टेबलाशी बसली होती आणि प्रत्येकापुढे ट्रे होता.

ट्रे मला कुणी दाखवायची गरज नाही. अठ्ठावीस वर्षं मी ट्रे पाठवले. सकाळी साडेसातला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला, भूक लागलेली असो वा नसो. मला माझा ओटा हवा होता, माझा गॅस, माझी कडी. सकाळी आठपर्यंत लोळायचं मन झालं तर लोळायला माझी गादी.

"मी नाव नोंदवून ठेवलंय," थोरली म्हणाली. "नंबर लागायला वेळ आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. फ्रिजमध्ये जेवण दिसलं, तू खातेयस असं दिसलं, तर नाव काढून टाकते. आणि असंच दिसलं तर मग तुझं काही ऐकून घेणार नाही. दादापुता करायला माझ्याकडे आता वेळ नाही, आई."

तपासणी! मला मनातून जरा हसूच आलं. आरोग्य खात्याचे भलेभले तपासनीस मी पाणी पाजून परत पाठवले होते. माझी पोरगी कोण टिकोजीराव?

माझा बेत साधा होता. महिनाभर रोज काहीतरी शिजवायचं, म्हणजे रविवारी फ्रिज आपोआप खरा दिसेल. सोमवारी म्हटलं, उद्यापासून. मंगळवारी भाजी आणली, चिरायला सुरी काढली आणि परत ठेवून दिली. असे तीन आठवडे गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी पातेलं ओट्यावर काढत होते आणि रोज रात्री ते कोरडंच मांडणीवर चढवत होते. आळस म्हणावं तर घर आरशासारखं लख्ख होतं. काय म्हणावं ते मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. शुक्रवारी फ्रिजमध्ये आठ बाटल्या आणि चार अंडी होती.

शनिवारी पहाटे उठले आणि पदर खोचला.

खोटं कशाला बोलू, तो दिवस मजेत गेला. चारही शेगड्या पेटलेल्या, खिडकीच्या काचा वाफेने धुरकट, मी एकटीच इकडून तिकडे धावतेय आणि स्वतःलाच हुकूम सोडतेय. टोमॅटोचं सूप, चिकनचं सूप, भात, डाळ, भाजलेली गाजरं, वाटाणा, बटाटे, घेवडा, मासे, मऊ शिजवलेली सफरचंदं आणि चिकनचे शिजवलेले तुकडे. प्रत्येक पदार्थ पसरट ताटात काढून, ताट गार पाण्यात ठेवून निववला. गरम पदार्थ फ्रिजमध्ये ढकलणारे लोक आपल्याबरोबर शेजारच्या डब्यांनाही बुडवतात. दुपारी चारला अकरा डबे तयार होते. बाटल्या बाहेर काढल्या, डबे आत लावले, मधल्या जागांत दूध, दही, चीज, फळं कोंबली. फ्रिज असा भरला की दार लावताना गुडघ्याने रेटावं लागलं.

मग चिकटपट्टी आणि पेन घेऊन बसले. आणि तिथे अडले.

सूप सोमवारचं, असं लिहायचं. डाळ बुधवारची, मासे शुक्रवारचे. आठवडाभर एक बाई रोज थोडंथोडं शिजवून खातेय, उरलेलं जपून ठेवतेय, असं चित्र दिसलं असतं. अकरा पट्ट्या, अकरा आकडे, दोन मिनिटांचं काम. मी पहिल्या पट्टीवर 'टोमॅटो सूप' लिहिलं. खाली 'सो' लिहिलं आणि पेन थांबलं.

वेडेपणाच होता. कोण आजारी पडणार होतं? उलट जुनी तारीख घातली तर पदार्थ लवकर फेकला जाईल, एवढंच. मी स्वतःशी अर्धा तास वाद घातला. दिवसभर मी खोटंच शिजवत होते, त्याची मला काडीची लाज वाटली नव्हती. पण तारीख खोटी लिहायला हात उठेना. ती पट्टी चुरगळून टाकली आणि अकराच्या अकरा डब्यांवर शनिवार लिहिला. तारीखही शनिवारची. मग प्रत्येक डबा फिरवून पट्टी मागच्या बाजूला केली. म्हटलं, झालं. ती काही डबे उलटेपालटे करून बघणार नाही.

रविवारी सकाळी सहाला उठून आधी तापमापक बघितला. नऊ अंश! माझ्या घरात, नऊ! माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं. एवढं ठासून भरल्यावर गार हवा फिरणार कुठून? मागची हवेची भोकं मीच डब्यांनी बुजवून टाकली होती. नवशिक्या पोरीने केलं असतं तर मी तिला तीन दिवस कोरड्या कोठीत गोण्या मोजायला पाठवलं असतं. मासे तिथल्या तिथे फेकले. डबा धुतला, वाटाण्याचे दोन भाग करून अर्धे त्यात भरले आणि नवी पट्टी लावली, कारण अकराचे दहा दिसायला नको होते. फळं बाहेर काढली, चीज खणात टाकलं, डबे पुढे ओढून मागे चार बोटं जागा सोडली. खालची फळी, मधली फळी, वरची फळी, भराभर. दहा वाजेपर्यंत सहावर आला. मी घाम पुसला, केस विंचरले आणि बेल वाजली.

थोरली चपला काढायच्या आधी फ्रिजकडे गेली. दार उघडलं. मी तिच्या मागे उभी होते, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं: डबे लावताना माझ्या हातांनी अकराच्या अकरा पट्ट्या समोर केल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांची सवय, तिने मला विचारलंच नाही. टोमॅटो सूप, शनिवार. डाळ, शनिवार. गाजर, शनिवार. तीन फळ्या भरून काळ्या ठळक अक्षरात शनिवार, शनिवार, शनिवार.

"आई!" थोरली म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "अगं, किती गं हे! दोन-दोन सुपं!"

"बसते आपली करत काहीतरी," मी म्हणाले.

तिने एक डबा हातात घेतला. पट्टीवरून अंगठा फिरवला. "ही तुझी चिकटपट्टी अजून आहेच का?" ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. डबा परत ठेवला. फोन काढला आणि उघड्या फ्रिजचा फोटो काढला, एक लांबून, एक जवळून. "थांब, दादूला पाठवते. त्यालाही घोर लागला होता."

दादू म्हणजे धाकटा. तो परदेशात असतो.

तिने पट्टी बघितली होती, वाचली नव्हती. मी सुटले होते. मी सुटकेचा श्वास टाकायला गेले आणि तो काही नीट येईना. मला वाटलं, धावपळ झाली, म्हणून असेल.

जेवायला बसलो. मी सूप गरम केलं, भात, डाळ, गाजरं, चिकन. ती बोलत होती. सासूबाईंचे गुडघे, मोठ्याची परीक्षा, ऑफिसातला नवा साहेब, जो स्वतःची सही शोधायलाही तिला हाक मारतो. मी पोट धरून हसले. दोनदा भात घेतला. किती दिवसांनी जेवणाला चव लागत होती! तिने माझ्या ताटाकडे बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. मला तिची एवढी दया आली. पोरगी महिनाभर माझ्या उपासमारीचं ओझं घेऊन फिरत होती आणि आज ते खाली ठेवत होती. मग तिने पट्ट्या कशाला वाचायच्या? मी तिच्या जागी असते तर मीही वाचल्या नसत्या.

तरी मी दोनदा तिला फ्रिजकडे पाठवलं. एकदा दही आणायला, एकदा सफरचंदं. माझं मलाच कळत नव्हतं मी काय करतेय. ती दार उघडायची, नेमकं हवं ते उचलायची आणि चटकन दार लावायची. शिस्तीत वाढलेली माझी मुलगी.

चारला ती निघाली. दारात तिने मला घट्ट धरलं. "ते नाव मी उद्याच काढून टाकते. आई, खरंच जिवात जीव आला गं. आता दोन महिने नाही आले तरी चालेल ना? परीक्षा आहेत पोरांच्या."

"चालेल की," मी म्हणाले. "माझी काळजी नको."

"नाही करणार आता," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी जिंकले होते. घर माझं, ओटा माझा, कडी माझी. दार लावून स्वयंपाकघरात आले, फ्रिज उघडला आणि समोर उभी राहिले. काही घ्यायचं नव्हतं. तापमापक पाचवर होता, सहावर गेला, तरी दार लावलं नाही. अकरा डबे होते, काही अर्धे, बहुतेक भरलेले. सोमवारपर्यंत चांगले. मंगळवारी सकाळी मी ते एकेक करून रिकामे करणार होते, कचऱ्यात. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, तिचा नाही, नक्की कुणाचा तेही कळेना. हॉस्पिटलात एखाद्या खाटेचा ट्रे दोनदा भरलेला परत आला तर मी स्वतः वॉर्डात फोन लावायचे. चौदा नंबर जेवत नाही, बघा जरा. अठ्ठावीस वर्षांत किती फोन केले असतील मी असे.

फोन वाजला. धाकटा होता. तिकडे त्याची सकाळ असते. तो औषधाच्या दुकानात काम करतो, दिवसभर बाटल्यांवरचं बारीक वाचत बसतो.

"आई, ताईने फोटो पाठवला."

"बघितलास? कसा वाटला?"

"मस्त," तो म्हणाला. "आई, मी तो मोठा करून बघितला. सगळ्यांवर शनिवार आहे."

मी फ्रिजचं दार लावलं. खुर्ची ओढून बसले.

"मग? शनिवारी केलं."

"अकराच्या अकरा?"

"हो."

"शुक्रवारी काय जेवलीस?"

जेवणाबद्दल मी कुणालाही काहीही सांगितलं असतं. पण हा वार विचारत होता. "चहा-पाव," मी म्हणाले.

"गुरुवारी?"

"तेच."

"बुधवारी?"

"बुधवारी अंडं होतं."

पलीकडून दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला, कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने "आलोच" म्हटलं.

"ताईच्या लक्षात नाही आलं ना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"बरं. मग हे आपल्या दोघांतच राहू दे. मी तिला काही सांगत नाही. तुला त्या निवासात जायचं नाही ना? मग नाही जायचं. तुझ्या मनाविरुद्ध तुला कुणी हलवणार नाही. तू फक्त खात जा. निश्चिंत राहा, मी अवाक्षर काढणार नाही."

गुणी पोरगा. महिनाभर मला जे हवं होतं ते त्याने न मागता माझ्या पदरात टाकलं होतं.

"सांग तिला," मी म्हणाले.

"काय?"

"तिला सांग. आत्ताच फोन कर. अजून हायवेला लागली नसेल."

"आई, तुला कळतंय ना? मी सांगितलं तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरेल."

"फिरू दे," मी म्हणाले. "मला एकटीला जेवण जात नाही रे."